वेल मांडवभर, शेंग एक नाही : घेवड्याबद्दल वाचकांचे प्रश्न

यंदा उन्हाळ्यात आलेल्या पत्रांत घेवड्याची पत्रं सगळ्यात जास्त आहेत. आणि वाचताना एक गोष्ट लक्षात आली, प्रत्येकाचा घेवडा वेगळाच आहे. बेळगावच्या मार्केटात बीन्स म्हटलं की फरसबी देतात, घरात आजी घेवडा म्हणते ती वालाची शेंग असते, शेजारच्या कन्नड काकू अवरे म्हणतात तो आपला पावटा, आणि आता ऑनलाइन बिया मागवणाऱ्यांचा रनर बीन अजून निराळा. तेव्हा पत्र लिहिताना बी कसं होतं, कुठल्या महिन्यात लावलं हे आधी लिहा, कारण निम्म्याहून जास्त उत्तरं तिथंच मिळतात.

टिळकवाडीहून एक ताई लिहितात : रनर बीनच्या बिया ऑनलाइन मागवल्या, मोठ्या जांभळ्या, वर काळे ठिपके. फेब्रुवारीत परड्यात लावल्या. वेल भिंतीवरून टेरेसपर्यंत गेला, लालभडक फुलांचे तुरे आले, इतके की येणारे जाणारे थांबून बघायचे. पण एप्रिल सगळा गेला तरी शेंग एक नाही, सकाळी बघावं तर खाली फुलांचा सडा. दोनदा डीएपी खत घातलं, दुकानदारानं दिलेलं फुलं टिकायचं टॉनिक पण मारलं. वेल उपटून टाकू का?

ताई, उपटू नका. तुमच्या वेलाला रोग नाही, त्याला आपला एप्रिल सोसत नाही एवढंच. हा वेल मूळचा मेक्सिको, ग्वाटेमालाकडच्या थंड डोंगराळ भागातला, इंग्लंडमधे घरोघरी लावतात ते तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यासारखा असतो म्हणून. दिवसा तीसच्या वर पारा गेला आणि रात्रीही गारवा नसला की ह्याचे परागकण नीट काम करत नाहीत, फूल फुलतं, दिसायला झकास दिसतं, पण आत शेंग धरत नाही आणि गळतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे म्हणून आपण थंड हवेचं गाव म्हणतो, ते खरंच आहे, पण मार्च ते मेच्या दुपारी ती उंची ह्या वेलाला पुरत नाही.

दुसरं कारण मधमाशी. फरसबीचं फूल स्वतःचं स्वतः भागवतं, रनर बीनचं तसं नाही, त्याला माशी किंवा भुंगा फुलावर बसून पाकळी दाबावी लागते तेव्हा परागीभवन होतं. फुलाच्या देठाकडच्या बाजूला बारीक भोक दिसतंय का बघा, दिसलं तर समजा की माशा येतात पण मागून भोक पाडून मध पिऊन जातात, परागाला शिवतच नाहीत. जवळ तुळस, झेंडू, कोथिंबीर फुलायला सोडली की माशांची वर्दळ वाढते. आणि फुलं असताना सकाळी कुठलंही औषध मारू नका, अगदी कडूलिंबाचंसुद्धा, मारायचंच झालं तर सांज झाल्यावर.

तिसरं म्हणजे डीएपी. त्यात 18 टक्के नत्र असतं. शेंगवर्गातलं पीक मुळावरच्या गाठींतून हवेतला नत्र स्वतः घेतं, त्याला वरून नत्र दिलं की पानं, फांद्या, उंची सगळं वाढतं आणि शेंगेचं काम मागं पडतं. टेरेसपर्यंत गेलेला वेल हे चांगलं लक्षण वाटतं हो, पण तो खाऊन माजलेला असतो. आता खत पूर्ण बंद. टॉनिकवर पण पैसे घालू नका, उष्म्यानं गळणारं फूल बाटलीनं थांबत नाही.

आता करायचं काय ते सांगते. वेल जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. रनर बीनच्या मुळाला रताळ्यासारखी गाठ धरते, इंग्लंडमधे बर्फानं ती मरते म्हणून तिथं दरवर्षी बी लावतात, आपल्याकडं बर्फ नाही त्यामुळं तेच मूळ पुन्हा फुटू शकतं. मुळाशी वाळला पाला अंथरा, पाणी अगदी बेताचं. पावसाळ्यात मात्र तिथं पाणी साचता कामा नये, नाहीतर गाठ कुजते, कुंडीत असेल तर पत्र्याखाली ओढून ठेवा. आणि उरलेल्या बिया नवरात्राच्या आसपास लावा, पावसाचा जोर ओसरलेला असतो. लावल्यापासून दीड-दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, तेव्हा आपल्याकडं रात्री चांगला गारठा असतो आणि हाच त्याचा हंगाम. बी दोन इंच खोल, दोन बियांत वीतभर अंतर, काठ्या माणसापेक्षा उंच. एक सांगायचं राहिलं, फरसबीच्या दोन डाळी जमिनीवर येतात तशा ह्याच्या येत नाहीत, त्या मातीतच राहतात आणि एकदम पानाचा कोंब वर येतो, त्यामुळं आठ दिवसांत डाळी दिसल्या नाहीत करून उकरून बघू नका, कित्येकांची बी अशीच जाते.

शेंगा लागल्या की दोन-तीन दिवसांनी तोडत राहायच्या, कोवळ्याच. एकदा वेलावर शेंगा जून झाल्या, आत बी भरलं, की वेल नवीन फुलं काढायचं थांबतो.

वडगावहून एक काका विचारतात : जानेवारीत वाल लावला, गावाकडचं घरचंच बी आहे. मांडव भरला, पत्र्यावर चढला, पण फुलाचा पत्ता नाही. पाणी रोज देतो.

काका, बी चांगलं आहे, फक्त महिना चुकला. आपले जुने वाल-पावट्याचे वेल दिवस लहान व्हायला लागले, रात्र मोठी झाली की मगच फुलोऱ्यात येतात. जानेवारीनंतर दिवस मोठा होत जातो, त्यामुळं वेलाला फुलायची खूणच मिळत नाही, तो नुसता वाढत सुटतो. म्हणून तर आपल्याकडं मृगाचा पाऊस झाला की वाल टोकतात आणि दिवाळीनंतर शेंग निघते. माझ्या आईनं सबंध आयुष्यात कधी उन्हाळ्यात वाल लावला नाही, कारण विचारलं तर एवढंच म्हणायची की त्याला थंडीचा वास लागतो.

वेल ठेवायचा असेल तर निम्मा छाटा, शेंडे खुडा, पावसाळ्यात सांभाळा, ऑक्टोबर-नोव्हेंबरला फुलेल. रोजचं पाणी मात्र बंद करा. तुमच्याकडची माती काळी आहे, दोन बोटं आत घालून बघायचं, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. बारा महिने शेंग हवी असेल तर दिवसाच्या लांबीवर न अडणारे बुटके वाण आहेत, बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचे अर्का जय आणि अर्का विजय, त्यांना मांडवही लागत नाही.

खानापूर तालुक्यातून एक वहिनी : फरसबी दरवर्षी जूनमधे लावते. वीतभर होते आणि तिथंच थांबते, पानं पिवळी. शेणखत घालते तरी तेच.

वहिनी, तुम्ही एक झाड हळूच मातीसकट खणून काढा आणि पाण्यात बुडवून मुळं धुवा, ओढून काढू नका, गाठी तुटतात. मुळावर मोहरीएवढ्या बारीक गाठी आहेत का? असल्या तर एक नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर निघाली तर गाठ काम करतेय, पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. गाठीच नसतील तर झाड उपाशी आहे, म्हणून पिवळं. गाठी बाजूला चिकटलेल्या नसून मूळच जागोजाग सुजल्यासारखं असेल तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारा डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा, मग त्या जागी दोन वर्षं शेंगवर्ग, टोमॅटो, भेंडी काही लावू नका, झेंडू लावा. आणि मूळ तपकिरी, मऊ, साल हातात सुटून येत असेल तर मूळकूज.

तुमच्याकडचा पाऊस आणि जांभ्याची तांबडी माती बघता मला मूळकूज आणि गाठी न धरणं ह्या दोन्हीची शंका येते. एवढ्या पावसानं मातीतला चुना धुऊन जातो, माती आंबट होते आणि आंबट मातीत गाठी करणारे जिवाणू टिकत नाहीत. पेरायच्या तीन-चार आठवडे आधी थोडा शेतीचा चुना किंवा लाकडाची राख मिसळा, नुसत्या लाकडाचीच, कचरा जाळलेली नको. माती तपासून मग प्रमाण ठरवलं तर उत्तम, कृषी खात्याच्या जवळच्या रयत संपर्क केंद्रात विचारा. बियाला रायझोबियम, म्हणजे ह्या गाठी करणाऱ्या जिवाणूंचं खत, लावा, पाकीट घेताना फरसबीसाठीचंच मागा, सोयाबीनचं हिला चालत नाही. आणि मुख्य म्हणजे जूनची पेरणी सपाट जमिनीत करू नका, वीतभर उंच गादीवाफा करा, नाहीतर सरळ सप्टेंबरअखेर लावा. खानापूरच्या जुलैत मुळाला श्वास घ्यायला मिळत नाही हो.

निपाणीहून : शेंड्याला काळा मावा, पानं आकसलेली. काय मारू?

आधी पाण्याचा जोराचा फवारा, दोन दिवस लागोपाठ. मग निंबोळी अर्क, 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर लिटरभर पाण्यात, गाळून थोडा साबण, सांजच्याला पानांच्या खालच्या बाजूनं. पण पानांवर पिवळे-हिरवे पट्टे, पुरळ उठल्यासारखं असेल तर तो मोझॅक रोग, मावा तो पसरवतो आणि त्याला औषध नाही, ते झाड काढून लांब टाका आणि त्याचं बी धरू नका, रोग बियातून पण येतो.

हिंडलग्याहून : रनर बीनचं वाळलेलं मोठं बी उसळीला चालतं का?

चालतं, चवीला छानच. पण कच्चं किंवा अर्धकच्चं अजिबात नको, राजम्यासारखंच त्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं, उलट्या होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नवीन पाण्यात आधी दहा मिनिटं खळखळ उकळा आणि मग कुकरला मऊ होईपर्यंत शिजवा. पुढच्या वर्षीच्या बियासाठी सगळ्यात आधी आलेल्या चार-पाच शेंगा वेलावरच वाळू द्या, त्यांना लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडत नाही.