हरकत, आक्षेप आणि ‘डॉट राम’

ऐरोलीच्या एका वाचकांनी आपल्या लेखात ‘भारत सरकारने डॉट राम या नावावर हरकत घेतली’ असे लिहिले होते (डॉट राम म्हणजे डॉट कॉमसारखे, संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी येणारे नाव) आणि संपादकांनी तेथे ‘आक्षेप घेतला’ असा बदल केला. हे दोन शब्द समानार्थी आहेत का, आणि नसल्यास येथे कोणता योग्य, असा त्यांचा प्रश्न आहे.

बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी खपून जातात. लेखनात मात्र त्यांतला भेद राखावा, असे माझे मत आहे. ‘आक्षेप’ हा शब्द संस्कृतातील ‘क्षिप्’, म्हणजे फेकणे, या धातूपासून आला असून समोरच्याच्या म्हणण्यातील किंवा कृतीतील दोष दाखवणे हा त्याचा गाभा आहे. ‘हरकत’ मूळची अरबी आणि तेथे तिचा अर्थ हालचाल. हिंदीत ती ‘वर्तन, आगळीक’ अशा अर्थाकडे वळली, तर मराठीत ‘अडथळा, विरोध’ हा अर्थ रुजला. मूळ हालचालीचा अर्थ आपल्याकडे गाण्यात टिकून आहे : ठाण्याच्या गडकरी रंगायतनात गायक नाट्यपदात हरकत घेतो, आणि त्याच ठाण्यात विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकही हरकतच घेतात.

आराखड्याचे हे उदाहरण महत्त्वाचे आहे. तेथे ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात, त्यांना मुदत असते, सुनावणी होते आणि हरकत मान्य झाली तर काम अडते किंवा बदलते. आक्षेप कोणीही, केव्हाही, चहाच्या टपरीवरसुद्धा घेऊ शकतो. म्हणूनच आपण ‘ना हरकत प्रमाणपत्र’ म्हणतो, ‘ना आक्षेप’ म्हणत नाही.

आता मूळ विषयाकडे. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेने २०१२ साली डॉट कॉमसारख्या नव्या अंत्यपदांसाठी (‘विस्तार’ हा शब्द मला येथे पटत नाही, कारण त्यात पसरण्याचा अर्थ आहे, शेवटाचा नाही) अर्ज मागवले आणि १,९३० अर्ज आले. त्यांना विरोध करण्याच्या वाटा वेगवेगळ्या होत्या. शुल्क भरून, ठरलेल्या चार कारणांपैकी एखाद्या कारणावर, तंटा सोडवणाऱ्या संस्थेपुढे जाणे, ही खरी ‘हरकत’. सरकारांनी मुख्यतः दुसरी वाट धरली. आयकॅनच्या शासकीय सल्लागार समितीतून त्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये अर्जदारांना ‘पूर्वइशारे’ दिले आणि पुढे समितीने संचालक मंडळाला ‘सल्ला’ दिला.

काही भौगोलिक नावांसाठी, उदाहरणार्थ देशांच्या राजधान्यांसाठी, संबंधित सरकारचे समर्थनपत्र किंवा ‘ना हरकत पत्र’ अर्जासोबत जोडणे बंधनकारक होते. आपला सरकारी शब्द येथे नेमका बसतो. ॲमेझॉन कंपनीने मागितलेले ‘डॉट ॲमेझॉन’ हे नदीचेही नाव असले, तरी त्या यादीत बसत नव्हते. त्यामुळे ब्राझील आणि पेरू यांना समितीतूनच विरोध करावा लागला. २०१३ मध्ये समितीने अर्ज पुढे नेऊ नये असा एकमताचा सल्ला दिला, २०१४ मध्ये मंडळाने अर्ज थांबवला, २०१७ मध्ये स्वतंत्र पुनरावलोकनाचा निर्णय कंपनीच्या बाजूने लागला आणि २०१९ मध्ये मंडळाने अर्जाचा मार्ग मोकळा केला.

‘डॉट राम’साठी अर्ज क्रायस्लर या मोटार कंपनीचा होता आणि तिच्या मनात ‘रॅम’ ही नाममुद्रा होती. मराठी लेखनात राम आणि रॅम यांत गल्लत होऊच शकत नाही. आपल्या अर्धचंद्राने तो प्रश्न केव्हाच मिटवला आहे. रोमन लिपीत मात्र आर, ए, एम ही तीनच अक्षरे दोन्ही उच्चारांना पुरतात. कंपनीला जी नाममुद्रा दिसली, तेथे भारत सरकारला कोट्यवधींचे श्रद्धास्थान दिसले, यात दोघांपैकी कोणाचेही वाचन चुकीचे नव्हते. जुलै २०१३ च्या डर्बन येथील निवेदनात समितीने या नावाबद्दल, तसेच रिलायन्सने मागितलेल्या ‘डॉट इंडियन्स’बद्दल, भारत सरकारची चिंता नोंदवून घेतली, दोन्ही अर्ज पुढे जाऊ नयेत, असे भारताचे म्हणणे होते.

म्हणजे संपादकांचा बदल योग्य दिशेने आहे, कारण समितीच्या वाटेने नोंदलेला भारताचा विरोध हा वर सांगितलेल्या अर्थाने ‘हरकत’ नव्हता. तरी ‘राम हे नाव कंपनीला देण्यास भारत सरकारने समितीत विरोध नोंदवला’ असे वाक्य मला अधिक अचूक वाटते, कारण सरकारचा रोख कंपनीचा दोष दाखवण्यावर नव्हता, नाव दिले जाऊ नये यावर होता.