पन्नाशीत बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, धूसर दिसते. ठासणीच्या रायफलला पीप साइट लावून खरंच फरक पडतो का?

पडतो. पीप साइट म्हणजे डोळ्याजवळ बसणारी, गोल भोकातून नेम धरायची साइट. ती लावून टाका. फक्त बारीक भोकाची चकती रेंजवर वापरायची आणि रानात शिरताना काढून खिशात टाकायची. हे शहाणपण मला एक एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) घालवून आलंय, ते पुढे सांगतो.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 52, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मझललोडरचा, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा, एल्क टॅग (शिकारीचा परवाना) पहिल्यांदाच लागलाय, त्या सीझनला दुर्बीण चालत नाही, बंदुकीसोबत आलेल्या उघड्या साइटनं 50 यार्डांवरसुद्धा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या पसरतात. मुलगा म्हणतो चष्मा बदला, दुकानदार म्हणतो पीप साइट घ्या. तुमची माझी गत एकच आहे. मी याच राज्यात अठरा वर्षं राहतो आणि सप्टेंबरातले त्या सीझनचे नऊ दिवस ऑफिसातून सुट्टी घेऊन डोंगरात घालवतो. माझं मत दुकानदाराच्या बाजूनं, पण त्याला पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या.

मुलाचे डोळे तरुण आहेत. त्याच बंदुकीनं, तीच दारू आणि तीच गोळी घेऊन, पुढे वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून त्याला पाच बार काढू दे. प्रत्येक बारानंतर गजानं आधी ओला, मग कोरडा फडका नळीतून फिरवा. काळ्या दारूची काजळी साचत गेली की तिसऱ्या-चौथ्या बारापासून गोळी मनाला येईल तिकडे जाते आणि आपण बिचाऱ्या साइटला शिव्या घालतो. मुलाच्या गोळ्या तीन इंचांत बसल्या तर अडचण तुमच्या डोळ्यांची आहे आणि पीप साइट ती बऱ्यापैकी सोडवेल. त्याच्याही ताटभर पसरल्या तर आधी दारूचं माप आणि गोळी बदलून बघा. इथे सॅबो (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं वेष्टन) आणि दारूच्या तयार वड्या दोन्ही चालत नाहीत, सुटी दारूच वापरावी लागते, त्यामुळे मापात चुकायला जागा भरपूर.

आता डोळ्यांचं. उघड्या साइटमध्ये तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: दीड फुटावरची मागची खाच, तीन फुटांवरची माशी आणि लांब उभं असलेलं जनावर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर जुळतो. विशीत तो इतक्या झटपट मागेपुढे होतो की आपल्याला तिन्ही स्वच्छ दिसल्याचा भास होतो. चाळिशी लागली की डोळ्यातलं भिंग ताठर होतं, मग खाच म्हणजे धुक्यातला डोंगर आणि माशी म्हणजे त्या धुक्यातली माशीच. पीप साइटमध्ये खाचेच्या जागी गोल भोक येतं, तेही डोळ्याच्या बरंच जवळ, आणि त्याच्याकडे बघायचं नसतं. राहिल्या दोन गोष्टी, माशी आणि जनावर. भोक लहान असेल तर त्या दोन्हींमधला धूसरपणाही कमी होतो.

विश्वास बसत नसेल तर एक जुनं पोस्टकार्ड किंवा व्हिजिटिंग कार्ड घ्या, शिवणाच्या डब्यातल्या सुईनं मध्ये भोक पाडा आणि चष्मा काढून त्यातून औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. प्रकाश मंद होईल पण अक्षरं उमटतील. बारीक भोकातून फक्त मधले किरण आत येतात, डोळ्यातल्या पडद्यावरचे पसरट ठिपके आकसतात, म्हणून चित्र रेखीव होतं. भिंग नाही, काच नाही, बॅटरी नाही. म्हणूनच दुर्बिणीला बंदी असलेल्या सीझनलाही लोखंडी साइट म्हणून ती बसते. तरीही त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक वाचून घ्या. शेजारच्या राज्यात जाल तर तिथलंही, कारण साइटचे नियम राज्यागणिक वेगळे असतात.

दुसरा फायदा अंतराचा. तुमच्या बंदुकीची खाच नळीवर बसवलेली असणार, म्हणजे खाचेपासून माशीपर्यंत साधारण 18 इंच. पीप मागे, चापाच्या वर येते, तिथून माशीपर्यंत 28 इंच होतात. माशी मधून एक मिलिमीटर सरकली तर पहिल्या बाबतीत 100 यार्डांवर गोळी 8 इंच चुकते, दुसऱ्या बाबतीत 5 इंच. हात तोच, चूक तीच, नुकसान कमी.

तिसरा फायदा मला सगळ्यांत मोठा वाटतो, आणि खाचेवर आयुष्य काढलेल्यांना तोच पटत नाही. गोल भोकातून बघताना डोळा माशीला आपोआप मध्यावर आणतो. तुम्ही काही करायचं नाही. नवखा माणूस भोकाची कड शोधत बसतो, माशी बरोबर मध्ये आली का ते तपासत बसतो, आणि तेवढ्यात दम संपतो. भोक विसरा, माशी छातीवर ठेवा, चाप दाबा.

मला हे कोल्हापुरात एनसीसीत शिकवलं गेलं. आमच्या हातात कॅम्पला एसएलआर ही लष्करी रायफल यायची, तिची मागची साइट भोकाचीच. आमचे उस्ताद मागच्या भोकाचं नाव फक्त पहिल्या दिवशी घ्यायचे. नंतर पूर्ण कॅम्पभर फोरसाइटची टिप, फोरसाइटची टिप, म्हणजे माशीचं टोक, एवढाच घोष. गंमत म्हणजे त्याआधी बंदूक मी पाहिली होती ती आजोळी, सावंतवाडीकडे. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची होती, केप लावायची, नळीच्या टोकाला पितळी माशी आणि मागे काहीच नाही. मागची साइट म्हणजे आजोबांचा गाल. वीस पावलांवर डुकराला हुसकवायला ती पुरत असे. (भारतातून वाचणाऱ्यांनी इथून कल्पना घेऊन रानात जाऊ नये, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तिकडे शिकार बंद आहे. तिकडे पीप साइट बघायची तर नेमबाजीत बघा. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये 2024 ला 451.4 गुणांवर कांस्यपदक घेतलं ते भोकाच्या साइटमधूनच, दुर्बीण त्या खेळातही चालत नाही.)

ठासणीची बंदूक आणि पीप साइट ही जोडी नवी नाही. 1874 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिकेचा सामना झाला, 800, 900 आणि 1000 यार्डांवर. आयरिश संघाकडे रिग्बीच्या तोंडाकडून भरायच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. भोकाच्या, वर्नियर म्हणजे बारीक मापाच्या पट्टीवर वरखाली होणाऱ्या साइट दोन्हीकडे होत्या. निकाल 934 विरुद्ध 931, अमेरिकेच्या बाजूनं. त्यातही मिल्नर नावाच्या आयरिश गड्यानं 900 यार्डांवर एक गोळी नेमकी मध्यात मारली होती, पण शेजारच्या लक्ष्यावर. ते चार गुण धरले असते तर ठासणीवाले जिंकले असते. हजार यार्डांवर चालते तर तुमच्या ऐंशी यार्डांचं काय घेऊन बसलात.

पण क्रीडमूरचं भोक आणि शिकारीचं भोक एक नव्हे. हे ओळखलं ते कनेक्टिकटमधल्या विल्यम लायमननं. 1879 ला त्यानं पेटंट घेतलं त्या साइटची कल्पना हीच, की भोक मोठं आणि कड पातळ ठेवायची. लोकांना वाटतं मोठ्या भोकात माशी भरकटेल. डोळा ती मध्यावर आणतोच, मी वर सांगितलं तसं.

मला हे वाचून माहीत होतं, तरी मी बारीक भोक घेऊनच रानात गेलो. तिसऱ्या वर्षी रेंजवर सव्वा मिलिमीटर भोकाची चकती लावून 100 यार्डांवर पाच गोळ्या तीन इंचांत बसवल्या आणि त्या कागदाच्या प्रेमात पडलो. चकती तशीच ठेवून डोंगरात गेलो. चौथ्या संध्याकाळी अ‍ॅस्पेनच्या पिवळ्या होत चाललेल्या झाडीत बसलो होतो. खालून एल्कची शीळ येत होती. सूर्य मावळून वीस मिनिटं झालेली, कायद्यानं अजून दहा मिनिटं हातात. साठ यार्डांवर एक मादी झाडीतून बाहेर आली आणि आडवी उभी राहिली. नुसत्या डोळ्यांना ती स्वच्छ दिसत होती, कान हलवताना दिसत होती. गाल दस्त्याला टेकवला आणि भोकातून काळोख. माशी नाही, एल्क नाही, काहीच नाही. डोकं वर काढलं तर ती तिथेच. पुन्हा टेकवलं, पुन्हा काळोख. थंडीनं बोटं ताठरलेली, चकती फिरवून काढायला लागलो तर तिचा आटा कुरकुरला, ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली आणि मग सावकाश, अगदी माझा अपमान करत निघून गेली.

तेव्हापासून चकती रेंजनंतर लगेच काढतो. उरतं ते पाचेक मिलिमीटरचं आट्याचं भोक, जाडसर कडेचं, दिसायला ओबडधोबड. त्यानं माझ्या गोळ्या 100 यार्डांवर पाच इंचांत जातात. एल्कच्या छातीत मोक्याची जागा फूटभर तरी असते, म्हणजे ते पुरेसं आहे आणि शेवटच्या मिनिटापर्यंत दिसतं. चकती काढल्यावर एकदा पुन्हा रेंजवर बार काढून खात्री करून घ्या, गृहीत धरू नका. बारीक भोकाचा आणखी एक त्रास: पावसाचा एक थेंब किंवा बर्फाचा एक कण अडकला की साइट बंद. मोठ्या भोकात फुंकर मारली की काम झालं.

बसवताना एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पीप बहुतेक वेळा जुन्या खाचेपेक्षा उंच बसते, म्हणून ती पूर्ण खाली आणूनही गोळी वर लागते आणि मग लोक साइट परत करतात. परत करू नका, पुढची माशी उंच घ्या. किती, ते साध्या त्रैराशिकानं निघतं: 50 यार्डांवर, म्हणजे 1800 इंचांवर, गोळी 6 इंच वर लागत असेल आणि दोन साइटमध्ये 28 इंच असतील, तर 28 गुणिले 6 भागिले 1800, म्हणजे माशी 0.09 इंच उंच हवी. आणि लक्षात ठेवा, मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, पुढची त्याच्या उलट.

माशीची जाडीही बघा. इंचाच्या सोळाव्या भागाएवढा मणी 100 यार्डांवर साधारण सहा इंच झाकतो. आधुनिक मझललोडरवर चमकत्या फायबरची जाडजूड काडी येते, ती याच्या दीडपट असते आणि उन्हात आणखी फुगल्यासारखी दिसते. मी ती काढून सपाट माथ्याची काळी पट्टी लावली आहे, माथ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन. गोल पितळी मण्याची आणखी एक खोड म्हणजे ऊन एका बाजूनं आलं की उजळलेली बाजूच मणी वाटते आणि नेम ढळतो.

तुम्ही शेवटी मित्राच्या लिव्हर अ‍ॅक्शनबद्दलही (चापाखालचा दांडा ओढून भरायची रायफल) विचारलंय. त्यावर पीप छान शोभते आणि जुन्या कित्येक बंदुकांच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या धातूच्या सांगाड्यावर, स्क्रूची भोकं कारखान्यातूनच येतात. फक्त दस्त्याच्या मानेवर उभी राहणारी टँग साइट जोराचा धक्का देणाऱ्या रायफलीवर लावू नका. ती डोळ्याच्या फार जवळ असते, चष्म्याची काच फोडते. तिथे रिसीव्हरवरचीच बरी. स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि बसवल्यावर साइटच्या कडेला नेलपॉलिशची एक रेघ मारून ठेवा, सरकली तर रेघ तुटलेली दिसते.

चष्म्याचं मुलाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. बायफोकलच्या खालच्या भागातून माशी बघायला जाल तर मान वर होते आणि गाल दस्त्यावरून सुटतो. नुसत्या लांबच्या नंबरचा एक साधा चष्मा बंदुकीसाठी वेगळा करून घ्या, पीप असेल तर बहुतेकांना तेवढा पुरतो. बंदुकीचं मॉडेल लिहिलं नाहीत. रिसीव्हरवर दुर्बिणीच्या बेससाठी भोकं आहेत का आणि मागच्या दोन भोकांमधलं अंतर किती, ते मोजून कळवा, म्हणजे कोणती साइट बसेल ते सांगतो.