डेक्कन क्वीनच्या थीमवर पोकर चिप्स करताय? हे आधी वाचा

कल्पना झकास आहे, पण इंजिनाचा फोटो चिपवर टाकायचा मोह टाळा. चिप म्हणजे पोकरच्या डावात पैशांऐवजी लावायची चकती; तिचा व्यास साधारण ३९ मिमी. खेळताना ती हातभर अंतरावरून, तीही बहुतेक रचलेली दिसते. तिथे बारकावे मरतात. इंजिनाची नुसती बाह्याकृती घ्या, किमतीचा आकडा ठसठशीत, आणि खाली एकच स्टेशन: २५ ला दादर, १०० ला कर्जत, ५०० ला लोणावळा, १००० ला पुणे. ‘१९३०’ हे गाडीचं सुरुवातीचं साल हवंच असेल तर मागच्या बाजूला.

खरी गंमत कडेत आहे. रचलेल्या ढिगात फक्त कड दिसते, म्हणून किंमत रंगावरूनच कळली पाहिजे. अमेरिकी कॅसिनोंत २५ हिरवी, १०० काळी, ५०० जांभळी ही जुनी रूढी. थीमसाठी ती मोडा खुशाल, पण शेजारच्या दोन किमतींना निळ्याच्या दोन छटा देऊ नका. पिवळ्या दिव्याखाली भांडणं होतात. कडेपर्यंत छपाई हवी तर सिरॅमिक चिप्स घ्या.

संख्या आधी ठरवा, चित्र नंतर. प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला एकूण दहा हजारांच्या चिप्स द्यायच्या तर २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४ आणि १००० च्या ७ पुरतात. म्हणजे दहा जणांना २७०. वर ५००० च्या थोड्या. बहुतेक नवखे लहान किमतीच्याच ढीगभर छापून बसतात.

ऑर्डरआधी डिझाइन खऱ्या मापात कागदावर छापा, कापा, टेबलावर टाका. नमुना चिप मिळत असेल तर पैसे देऊन मागवा. स्क्रीनवरचा मरून रंग छपाईत तपकिरी होऊ शकतो.