पद्मिनीत रेडिओ बसवताय? आधी हे वाचा

अरे, १९७८ ची प्रीमियर पद्मिनी गाडी घेतलीस ना, मग त्यात ब्लूटूथवालं चकचकीत डेक नको रे बाबा, डोळ्यात खुपतं! दोन नॉबवाला मीडियम वेव्ह (म्हणजे एफएम नाही, जुना एएम पट्टा) ट्रान्झिस्टर रेडिओ शोध. फिलिप्सचे जुने सेट पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात कधीकधी हाताला लागतात, फक्त नॉब आणि काच शाबूत आहे का बघ, आतलं सगळं दुरुस्त होतं पण नॉब मिळत नाही.

घेतल्यावर लगेच वायर जोडू नकोस हां. तुझी गाडी १२ व्होल्ट निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं, पण जुन्या ब्रिटिश गाड्यांतले बरेच रेडिओ पॉझिटिव्ह अर्थचे असायचे, उलटं जोडलं की संपलं. आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, स्पीकरला आवाज पुरवणारा आउटपुट ट्रान्झिस्टर उडू शकतो, माझा असाच उडाला होता, बायको अजून टोमणे मारते. आतले कपॅसिटर मेकॅनिककडून बदलूनच घे, ते सुकलेले असणारच.

घरघर आली तर रेडिओला शिव्या घालू नकोस, ती बहुतेक डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) किंवा इग्निशनची (स्पार्कची) असते, सप्रेसर लाव, म्हणजे ती घरघर दाबणारा छोटा भाग. एरिअल लावून झाल्यावर ट्रिमरचा, म्हणजे रेडिओ एरिअलशी जुळवून घ्यायचा, छोटा स्क्रू १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखाद्या अंधुक स्टेशनवर हळूच फिरव, आवाज जिथे सगळ्यात मोठा येईल तिथे सोड.

एफएम पाहिजेच असेल तर आत छोटं बोर्ड बसवून देणारे आहेत, बाहेरून काही कळत नाही. डॅशबोर्ड मात्र कापू नकोस, प्लीज.