शोषखड्डे आणि तुझे दोन क्रेडिट

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

फील्ड प्रोजेक्टला गाव मिळालं, विहिरींचं पाणी तपासणार आहेस, हे कळलं. दोन क्रेडिटची सक्ती म्हणून जातेय, असंही सरळ लिहिलंस. हरकत नाही. आम्हीसुद्धा एनएसएसचे वर्षाचे १२० तास भरायलाच जायचो.

सात दिवसांच्या शिबिरात आम्ही सांडपाणी जमिनीत मुरावं म्हणून अकरा शोषखड्डे खणले. समारोपाला नारळ, टाळ्या, फोटो. पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो तर खड्डे तुडुंब आणि डासच डास. एक आजी म्हणाल्या, "इथली काळी जमीन फुगली की पाणी पीत नाही, बाबा." मग आधी का नाही सांगितलंत? "तुम्ही पोरं एवढी खुशीत होता, मोडता कशाला घालायचा!" आणि मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी! काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज ओलं झालं की फुगतं, हे पेपरात लिहून गुण घेतलेला.

म्हणून पहिल्या फेरीला बाटल्या नेऊच नकोस. पाणवठ्यावर बसून राहा. प्यायची विहीर कोणती, गुरांची कोणती, चैत्रात आधी कोणती आटते, मग हंडे घेऊन कुठवर जावं लागतं, हे बायकांना विचार. सरपंचांना विचारलंस तर ते नळयोजना दाखवतील.

नायट्रेट नक्की बघ. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तान्ह्या बाळांना धोका. तिथे मात्र 'पाणी उकळून प्या' म्हणू नकोस. उकळून जंतू मरतात. नायट्रेट तसंच राहतं, उलट पाणी आटेल तसं वाढतं. विहीर खराब निघाली तर उकिरडा, गोठा, शौचालयाचा खड्डा किती जवळ आहे ते बघ. आणि दुसरं पाणी कुठून मिळेल, हेही. ते न शोधता नुसता लाल शेरा मारून आलीस, तर त्या घराच्या पदरी भीतीच पडेल.

विद्यापीठाला हवा तसा अहवाल दे. गावासाठी मराठीत एक पान वेगळं काढ आणि ग्रामसभेत स्वतः वाच. ज्यांच्या विहिरीत दोष निघेल, त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांग. चारचौघांत पहिल्यांदा कानावर पडू देऊ नकोस.

ग्रामसभा आणि तुझी परीक्षा एकाच दिवशी आली तर कळव, तुझ्या सरांशी मी बोलतो. नमुन्याच्या बाटल्या माझ्याकडून ने. झाकणं घट्ट आहेत, एसटीत सांडत नाहीत.