हळदीच्या फोटोत चेहरे हिरवट येतात, काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी साताऱ्याजवळ लग्नाच्या ऑर्डरी घेतो. परवा एका अंगणात हिरव्या कापडाच्या मांडवात हळद होती, भर दुपारी, आणि घरी येऊन बघतो तर सगळ्यांचे चेहरे हिरवट-पिवळे. लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) पिवळा कमी केला की हळदच गायब होते आणि नवरी आजारी दिसायला लागते. वर तिची आई म्हणतेय, जरा गोरी करा. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल आहेत. काय करू?

उत्तर : दादा, रॉ आहेत हे फार बरं झालं. आता आधी तो पिवळा स्लायडर होता तिथे परत नेऊन ठेवा, कारण हळद पिवळी, साडी पिवळी आणि आपल्या कातडीतही पिवळा असतोच, तो काढला की सगळंच एकदम धुऊन निघतं. इथे पिवळ्याने काही बिघडवलेलं नाही, बिघडवलंय हिरव्याने. ऊन त्या कापडातून गाळून खाली येतं ते हिरवं होऊनच येतं, म्हणून टेम्परेचरला (निळा-पिवळा स्लायडर) फार हात न लावता टिंट (हिरवा-मॅजेंटा स्लायडर) थोडा थोडा मॅजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे सरकवा, हळद जागेवर राहते आणि चेहऱ्यात जीव येतो, करून बघा.

पण एका स्लायडरवर भागणार नाही, कारण मांडवाच्या उघड्या बाजूने खरं ऊन येत असतं, त्या बाजूचा गाल बरोबर दिसतो आणि दुसरा हिरवाच राहतो. सगळ्या फोटोचा टिंट सरकवलात की उन्हातला गाल गुलाबी होतो. म्हणून आधी उन्हातल्या गालावर समाधान होईल इतकंच करा, मग सावलीच्या बाजूला ब्रशने मास्क आखून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, तिथे वेगळा टिंट द्या. गळा आणि हात पण त्या मास्कमध्ये घ्या हं, नाहीतर चेहरा एका बाईचा आणि हात दुसऱ्या बाईचे असं होतं.

व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (ज्यावर माराल ते बिनरंगी धरून बाकीचे रंग जुळवतो तो) मामांच्या पांढऱ्या टोपीवर मारायचा मोह होतो, मी पण खूप वर्षं तेच करत होते. पण टोपीला नीळ घातलेली असते, डोळ्याला पांढरीशुभ्र वाटते तरी कॅमेऱ्याला ती निळसर दिसते, मग सॉफ्टवेअर निळा काढायला जातं आणि चेहरे अजून पिवळे होतात. पुढच्या वेळी ग्रे कार्ड (साधं राखाडी कार्ड) घेऊन जा, मांडवात नवरीच्या हातात देऊन एक फोटो काढायचा आणि ड्रॉपर त्यावर मारायचा, बास.

बरोबर झालं का हे बघायला हळद न लागलेल्या जागी, म्हणजे मानेच्या बाजूला वगैरे, कर्सर नेऊन आकडे वाचा. लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, निळा सगळ्यात कमी, असं हवं. हिरवा लालच्या अगदी जवळ आला की चेहरा हिरवट पडलाच समजा. सावळा असो नाहीतर गोरा, हा क्रम बदलत नाही, कारण रंग येतो तो मेलॅनिन आणि कातडीखालच्या रक्तातून, ते सगळ्यांना सारखंच, फरक पडतो तो मुख्यतः गडदपणात.

आता आईंचं. त्यांचा राग धरू नका, पण गोरी करू पण नका. ऑरेंजचा ल्युमिनन्स (उजळपणा) वर आणि सॅच्युरेशन (रंगाचा जोर) खाली, हा तो नेहमीचा उपाय, त्याने सावळी मुलगी गोरी होत नाही, राखाडी होते, पावडर फासल्यासारखी. बऱ्याच वेळा घरच्यांना हवं असतं ते उजळ, आणि उजळ आणि गोरं यात फार फरक आहे. चेहऱ्यावर मास्क घेऊन एक्स्पोजर पाव ते अर्धा स्टॉप (उजेडाचं माप) वाढवा, रंगाला हात लावू नका. मग आईंना दाखवा आणि बाजूला खरी मुलगी उभी करा. फिल्मच्या काळात लॅबवाले रंग जुळवायला शर्ली कार्ड वापरायचे, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा आणि सावळे चेहरे त्या मापात बसायचेच नाहीत, आता प्रत्येक चेहरा वेगळा बघायची सोय आपल्या हातात आहे तर ती वापरूया ना. मला हे मनापासून वाटतं, वीस वर्षांनी त्या मुलीने अल्बम उघडल्यावर तिला स्वतःचाच रंग दिसला पाहिजे.

अजून एक, एडिट करताना स्क्रीनचा नाइट लाइट बंद ठेवा आणि मधेमधे उठून बाहेर बघून या, तासभर एकच फोटो बघितला की डोळे त्या हिरव्यालाच सरावतात.

प्रश्न : मोबाइलवर छान दिसणारे चेहरे अल्बममध्ये लालभडक आले. लॅबची चूक का?

उत्तर : लगेच लॅबला बोल लावू नका. मोबाइलचा डिस्प्ले व्हिव्हिड (रंग भडक दाखवणाऱ्या) मोडवर असेल तर त्याच्यावर बघून रंग ठरवायचेच नाहीत. मॉनिटर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचे रंग मापून बरोबर लावून घ्या, फाइल एसआरजीबीत (रंगांची सर्रास चालणारी पद्धत) एक्स्पोर्ट करा, लॅबकडे त्यांच्या प्रिंटचं रंगांचं प्रोफाइल मागा, आणि अख्खा अल्बम टाकायच्या आधी चार-पाच चेहऱ्यांच्या ४ बाय ६ प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून बघा. ट्यूबलाइटखाली बघितलंत तर परत फसाल.