बाजेचे चार कोपरे

इंदूर
रविवार, रात्र

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

आज उपासनेनंतर फाटकाशी तू म्हणालास, "मावशी, बाबांसाठी मी वाट्टेल ते करीन, पण कोणाचे उपकार नकोत." पहिलं वाक्य ऐकून मला भरून आलं. दुसऱ्या वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

पुण्याची नोकरी सोडून तू आलास. बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास, तिथल्याच बाकावर लॅपटॉप उघडून काम, घरी आल्यावर स्वयंपाक. तुझा शर्ट खांद्यावरून उतरायला लागलाय, बाळा. मला दिसतं.

बायबलातला मार्काचा दुसरा अध्याय संडेस्कूलपासून तुझ्या ओळखीचा आहे. पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून कफर्णहूम गावात येशूकडे आणलं, दाटीमुळे घरात जाता येईना, म्हणून वरून छप्पर उघडून बाज खाली सोडली. तू धाब्याचं घर पाहिलेलं नाहीस. माझ्या आजोळी, खानदेशात, होतं. लाकडी सरे, त्यावर काटक्या, त्यावर वीतभर खारी माती, पावसाळ्याच्या आधी पुन्हा चोपून बसवलेली. कफर्णहूमातलं छप्परही असंच काहीसं असणार, कारण मार्कानं वापरलेला मूळ ग्रीक शब्द खणून काढण्याचा आहे. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर ढेकळं पडली असतील, घरमालक ओरडला असेल. तरी ते खणत राहिले.

आणि मग बाज. माणसासकट बाज खाली सोडायची तर चारही कोपरे एकाच बेतानं सोडावे लागतात. एक कोपरा जास्त खाली गेला की माणूस घसरलाच. एकट्याला हे जमणारच नाही, त्याचा कितीही जीव असो. पुढं लिहिलंय की येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे सगळ्यांचा. हा शब्द मला फार उशिरा दिसला.

माझी आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. चर्चच्या मंडळीतल्या बायका यायच्या, मी चहा पाजून त्यांना परत पाठवायचे. आईचं सगळं मी करणार, मीच. एका पावसाळी रात्री चादर तिसऱ्यांदा ओली झाली आणि मी तिच्यावर ओरडले. काय बोलले ते आजही लिहवत नाही. ती गप्प राहिली. चांगल्या हातानं ओल्या चादरीचं टोक ओढून अंगाखाली लपवायला लागली. ती बोटं मला अजून दिसतात.

माझी माया आटली नव्हती. मी कित्येक रात्री झोपलेच नव्हते. सकाळी समोरच्या काकूंना हाक मारली, तेव्हा त्या म्हणाल्या, "इतके दिवस तुझ्या हाकेचीच वाट बघत होते." त्या आठवड्यातून दोन रात्री आईजवळ झोपायला लागल्या आणि मी पुन्हा आईशी बोलायला लागले.

योहानाचा एकोणिसावा अध्याय आज झोपण्याआधी वाच. वधस्तंभावर असताना प्रभूनं आपली आई शिष्याच्या स्वाधीन केली, आणि त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. साऱ्या जगाचं ओझं घेतलेल्यानंही आईची काळजी दुसऱ्याच्या हाती दिली. मग आपण कोण?

तेव्हा लोकांना कामं वाटून दे. नुसतं 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला वार आणि वेळ सांग. पण आधी सगळं नीट समजावून दे, कारण माया करणाऱ्यांच्या हातूनच चुका होतात. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडून तयार केलेल्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, डायलिसिस सोडून त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही. पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढंच, मोजून. नारळपाणी नाही, कितीही प्रेमानं आणलेलं असो. त्यातलं पोटॅशियम बाबांच्या जिवावर बेतू शकतं. हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लाव.

बाबांनाही विचार. मुलाची अशी ओढाताण रोज बघणं सोपं नसतं, आणि ते तुला सांगणार नाहीत.

गुरुवारची पाळी माझी. साडेसहाला रिक्षा घेऊन तुमच्या दाराशी येते. बाबांची फाइल, शाल आणि त्यांचा पाणी मोजायचा पेला पिशवीत भरून ठेव. तू झोपून राहा, दार उघडायलाही उठू नकोस. किल्ली बुधवारी रात्रीच शेजारी देऊन ठेव.

तुझी,
मावशी